पहिली वेलांटी

पर्थशरच्या उतारावर, जुलैत, सकाळी सहाला
एफी गेडिस नव्या पोरांना एकच शब्द शिकवते : पिक.
राडोस्टीना आहे, तिचा भाऊ पेन्चो आहे,
आणि एक ताजिक, नाव विचारलं की बुटांकडे बघणारा.
पिक, म्हणते एफी, आणि रासबेरीला हात लावते.
ओढत नाही. नुसता लावते.

दोन अक्षरांचा शब्द, पण खिसे केवढे त्याला.

शाळेच्या मैदानावर दोन कॅप्टन आळीपाळीने पोरं घ्यायचे,
तेव्हा एफीचा भाऊ अँगस शेवटी उरायचा.
शेवटच्याला कुणी पिक करत नाही,
तो नुसता वाट्याला येतो.
पुढे फाइफच्या खाणीत एकोणीस वर्षं
खांद्यावर जी लोखंडी चोच त्याने वाहिली
तिचं नाव पिक.
एफी हे सांगताना हसते. अँगस हसायचा नाही, म्हणते.

तिची आई ताटातले वाटाणे चिवडत बसायची, तेही हेच,
आणि वडिलांच्या प्रत्येक वाक्यात खोट काढायची, तेही.
गुडघ्यावरची खपली काढू नकोस, मार बसेल :
त्यातही हाच शब्द, चापटीच्या आधी येणारा.
रॅबला किल्लीवाचून कुलपं उघडता यायची.
लग्नाआधी त्याने एकदा चर्चच्या हॉलचं उघडलं,
बाहेर गारा पडत होत्या म्हणून.
आत दोघं काय बोलले ते एफी सांगत नाही.
कुत्रीला चार पिल्लं झाली तेव्हा मालक म्हणाला, घे निवडून.
एक तिच्या बुटावर झोपून गेलं होतं.
ते घेतलं. आता यात कुणी कुणाला घेतलं?

मी वजनकाट्यावर बसतो, बादल्यांचे आकडे लिहितो.
वहीत हा शब्द लिहायला गेलो की हात
आपोआप दुसरी वेलांटी देतो,
आणि पर्थशरचं एक क्रियापद
माझ्या वहीत शेत होऊन उभं राहतं.
पिकतं तिथं विकत नाही हे इथेही खरंच,
दुपारच्या आत सगळं लंडनला जातं.
पण पिकणं कुणी करत नाही, ते होतं.
फळाचं होतं, गळवाचं होतं, केसांचं होतं.

राडोस्टीना विचारते, ओळखायचं कसं?
एफी म्हणते, ओढावं लागलं तर सोड,
उद्या ये.
झालेलं फळ बोटांत उतरतं,
मागे झाडावर पांढरा कोंब राहतो,
दात पडल्यावर राहावा तसा नाही, त्याहून स्वच्छ.

मंगळवारी कौन्सिलची बाई आली होती.
दोन खोल्या आहेत, म्हणाली, अ‍ॅलिथमध्ये.
एकीतून गाड्यांचा तळ दिसतो, एकीतून भिंत.
शुक्रवारपर्यंत निवडा, मिसेस गेडिस.
'निवडा'साठी बाईंनी दुसरा, लांब शब्द वापरला,
फॉर्मवर छापलेला असतो तो.
एफीने फॉर्म घडी घालून अ‍ॅप्रनमध्ये ठेवला.
आज बुधवार. त्यावर आता लाल डाग आहे.

पिकलं पान, मनात आलं माझ्या,
आणि लाज वाटली. कारण ती तेव्हा
ओळीच्या टोकाशी, कमरेला बांधलेली दोरी सोडत,
पेन्चोला शिव्या घालत होती :
हिरवी कशाला तोडलीस रे, गाढवा.

मग बादली उचलायला वाकली,
आणि वाकलेलीच राहिली थोडा वेळ.
कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण काटा सोडून
उठेपर्यंत तो ताजिक पुढे झाला,
एका हाताने बादली, दुसऱ्याने तिचं कोपर.
चार दिवसांत पहिल्यांदाच बोलला.
पिक, म्हणाला, आणि अडला,
काहीतरी कमी पडतंय हे कळून.

अप, म्हणाली एफी. पिक अप.

अप, म्हणाला तो. आणि मग, न विचारता :
फिरदव्स.
मी वहीत लिहिलं. दोन्ही वेलांट्या तपासून,
चार किलो दोनशे.