उजवा मागचा पाय

आधी साबणाच्या पाण्यात धुवायचे सगळे.
साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही,
हे मला लोरांतने शिकवलं,
जो एकतीस वर्षं देब्रेत्सेनला ट्राम चालवायचा
आणि आता रविवारी फ्रेंचांचा सेनापती असतो.

माझ्या वाट्याला हंगेरियन हुसार. अठराशे नऊ, ग्योर.
सरदारांची घाईने जमवलेली पोरं,
शुद्ध खोगीरभरती,
पण डगल्यावर सोनेरी दोऱ्या मात्र रांगांनी.
लोरांत त्या दोऱ्यांसाठी जीव टाकतो.
मी घोड्यांसाठी.

घोडं इथंच पेंड खातं आमचं.
तो म्हणतो, सगळ्यांना तपकिरी फास, दोन तासांत पलटण उभी.
मी म्हणतो, तपकिरी नावाचा घोडा
चाळीस वर्षांत एकदाही माझ्या दवाखान्यात आला नाही.
कुमैत आले, गुडघ्याखाली काळे;
सुरंग आले, आयाळ अंगाच्याच रंगाची;
एक अबलख, जो फक्त डावीकडून सुई टोचू द्यायचा.
आणि करडा घोडा जन्मताना करडा नसतो, लोरांत,
वयाने पांढरा होत जातो, तुझ्यामाझ्यासारखा.

तर बाटल्यांच्या बुचांवर चिकटवलेले अठरा,
एकेक माझ्या अंगठ्याएवढा.
ज्या हाताने खांद्यापर्यंत आत जाऊन
अडलेली शिंगरं फिरवली,
तो आता श्वास रोखून, दोन शून्यांच्या ब्रशने,
डोळ्यात एक ठिपका ठेवतो.
तिसऱ्या प्रयत्नात.
पहिल्या दोनांत घोडा पालिंका प्यायल्यासारखा दिसतो.

सतरा झाले. अठरावा कुमैत.
तीन पाय काळे केले
आणि चौथ्याला, उजव्या मागच्याला,
खुरापासून वर पांढरं ओढलं गेलं.
ठरवलं नव्हतं.

सेल्लो. म्हणजे झुळूक.
पिरोश्का बोदनारची घोडी, कर्त्सागच्या वेशीवरचं शेवटचं घर,
सत्त्याऐंशीचा जानेवारी.
लंगडते म्हणून बोलावलं होतं.
तबेल्यात अंधार, थंडी अशी की बादलीत पाण्याचा दगड,
मी हातमोजे न काढताच चाचपलं.
म्हणालो, मुरगळलाय. बांधून ठेवू नका, चालू द्या.

हाडाला चीर होती.
तिसऱ्या दिवशी विहिरीपाशी, बर्फावर, ती दुभंगली,
आणि पुढचं काम मलाच करावं लागलं.
पिरोश्काने विचारलं, आधी कळलं असतं का?
मी म्हणालो, असलं कुणालाच कळत नाही.
तिने वर्तमानपत्रात गुंडाळून फी दिली.
मी घेतली.
नको म्हटलं असतं तर तिला कळलं असतं.

काल लोरांतच्या गॅरेजमध्ये युद्ध झालं.
नव्याने रंगवलेली पलटण पहिल्या फेरीत मरते,
हा आमच्या खेळातला सगळ्यात पक्का नियम,
कुठल्याच पुस्तकात नसलेला.
घोडामैदान हातभर अंतरावर, हिरव्या फेल्टचं.
हीटर बंद पडलेला, दोघंही कोट-टोपी-हातमोज्यांत,
तोंडातून वाफ, जणू आम्हीच दौडत आलोय.
फासे पडले: सहा, सहा, पाच.
माझे हुसार वळले आणि पळाले,
सोनेरी दोऱ्यांसकट.

लोरांत मेलेले उचलून पेटीत टाकू लागला,
अठराव्यावर थांबला.
कपाळावरचा चष्मा खाली आला.
"याचा हा एकच पाय असा का?"

बाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ खरवडत होतं.

"प्राइमर दिसतोय," मी म्हणालो. "रंगवायचा राहिला."

"प्राइमर तर तू काळा मारतोस," तो म्हणाला,
आणि घोडा पेटीत न टाकता
माझ्यासमोर धरून उभा राहिला,
ट्रामच्या दारात एखाद्या म्हाताऱ्यासाठी थांबावं तसा.

मी हातमोजा काढला.