उकळायचं नाही

उकळायचं नाही, हे पहिलं.
उकळलं की चरबी हाडात मुरते
आणि वर्षभरानं भिंतीवर टांगलेल्या कवटीला
पिवळा घाम फुटतो.
तीस वर्षं कॉलेजात हेच सांगत आलो.
हुद्दा प्रयोगशाळा परिचर,
पण मुलं म्हणायची, हाडांचे सर.

शेडगे वकिलांचा नातू आला रिक्षातून,
मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं साबराचं डोकं,
सोबत वनखात्याच्या दाखल्याची झेरॉक्स,
शिक्का पुसट, सही झोकात.
गोडोलीत फ्लॅट घेतलाय, म्हणाला,
हॉलमध्ये लावायचंय, पांढरं करून द्या.
आजोबांनी एका गोळीत पाडलं होतं,
बामणोलीच्या वरच्या रानात,
धरण व्हायच्या आधी.

अख्ख्या मंगळवार पेठेला ही गोष्ट पाठ होती.
दर खेपेला साबर चार बोटं वाढायचं,
गोळी तेवढी एकच राहायची.

न्हाणीबाहेर घमेलं मांडलं.
कासचं पाणी, हाताला सोसेल इतकं कोमट,
भांड्याचा साबण, चिमूटभर सोडा.
शिंगं पाण्याच्या वर ठेवायची.
शिंगाचा रंग रानानं दिलेला असतो,
उतरला तर राजवाड्यावरच्या कुठल्या दुकानात मिळत नाही.
सैल झालेल्या दाढा काड्यापेटीत, डाव्या-उजव्या वेगळ्या.
नाकातली हाडं कांद्याच्या सालीसारखी,
तिथं ब्रश चालत नाही, फुंकर मारायची.
डोळ्याच्या खोबणीत कुंभारीण माशीचं घर निघालं,
मातीचं, रिकामं.
बायको म्हणाली, या वेळी कुकरला हात लावाल तर बघा.

तिसऱ्या दिवशी कपाळावरचा रंगाचा पापुद्रा सुटला.
खाली प्लास्टर.
अंगठ्यानं दाबलं तर दह्यासारखं हललं
आणि डावं शिंग हातात आलं,
जसं काही वाटच बघत होतं.
बुडाशी फुगीर, खरखरीत.
झडलेलं शिंग.
साबर आपणहून टाकून पुढं जातं तसलं,
गुराखी उचलून आणतात,
चाकूच्या मुठीला विकतात.
उजवंही तसंच, आणि डाव्याचा जोडीदार नव्हेच.
मध्ये दोन गंजके स्क्रू,
ते ज्यात घुसले होते ते कपाळ
सपाट,
शिंगाचा कोंबसुद्धा कधी न फुटलेलं.

मादी.

पाटावर बसून राहिलो बराच वेळ.
गोळीची खूण शोधली, नव्हती.
दाढा झिजलेल्या,
टाकी न लावलेल्या जात्यासारख्या.
म्हातारी असणार.
ओढ्याकाठी कधीतरी तिची तीच गेली असेल,
आणि वकीलसाहेब तिथवर गेले असतील
खांद्यावर न उडालेली बंदूक घेऊन.
तीन वेळा वाकले असतील.
एकदा तिच्यासाठी,
दोनदा शिंगांसाठी, वेगवेगळ्या रानात.

माझ्या नोकरीच्या अर्जावर शिफारस त्यांची होती.
तीही वाकूनच लिहिली होती,
चष्मा कपाळावर, नाक कागदाला टेकलेलं.

मग पेरॉक्साइड, कापसानं, थोडं थोडं.
ब्लीचिंग पावडर कधीच नाही, ती हाड खाते.
दोन दिवस सावलीत.
सोललेल्या लसणासारखी निघाली ती.
बघितली पोटभर, बिनशिंगाची,
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा डोकं हलकं झालेली.

आणि नवे स्क्रू आणले, पितळी.
ताजं प्लास्टर, चहाच्या पाण्यानं रंगवलेलं.

नातू खूश. विचारलं, गोळी कुठं लागली होती हो?
मानेत, म्हणालो,
डोक्याला धक्का नाही. नेमच तसा होता.
साडेसातशे घेतले.

रात्री वहीत नोंद केली, कॉलेजात करायचो तशी:
साबर. मादी. वय बरंच.
मृत्यूचं कारण, पुढं जागा मोकळी सोडली.

काड्यापेटीत एक दाढ राहिलीय,
उजवीकडची.
उद्या फोन करीन म्हणतो,
आज आठवडा झाला.