नऊ मार्चची फाईल

काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची,
एंटर दाबायचं,
आणि मग काहीच करायचं नाही.
दर सेकंदाला एक ओळ खाली उतरते:
वेळ, अक्षांश, रेखांश.
एकोणसाठ पूर्णांक अमुक, तेवीस पूर्णांक तमुक.
नकाशा नाही, बाण नाही, चित्र नाही.
"हे तर किराणा दुकानाचं बिल," बाबा पहिल्या दिवशी म्हणाले
आणि पुन्हा पडद्याकडे फिरकले नाहीत.

बर्फावरचा रस्ता आखायचं काम बत्तीस हिवाळे त्यांच्याकडे.
एस्टोनियाचा किनारा ते आमचं बेट, अकरा किलोमीटर.
भोक पाडायचं, जाडी मोजायची,
भोकात ज्युनिपरची एक फांदी रोवायची
आणि पुढच्या भोकाकडे निघायचं.
या रस्त्याचे नियमही उलटे:
पट्टा बांधायचा नाही, दार नुसतं लोटून ठेवायचं,
आणि पंचवीस ते चाळीसच्या मधल्या वेगाने जायचं नाही,
त्या वेगात खालचं पाणी लाट धरतं
आणि लाट बर्फ उचलते.
हळू जा, नाहीतर जोरात.
मधलं चालत नाही.

यंदा पालिकेला रस्त्याचा माग हवा होता, फाईलमध्ये.
म्हणून मी शेजारच्या सीटवर,
मांडीवर जुना लॅपटॉप,
छपरावर चुंबकाने चिकटलेला बिस्किटाएवढा अँटेना.

सातव्या किलोमीटरला बाबा उतरले.
गिरमिट फिरवलं, पट्टी घातली. सव्वीस सेंटिमीटर.
मी काच खाली करून त्यांना
टपालवाल्या हेल्वेच्या मांजराची गोष्ट सांगत होते.
ओळी उतरत होत्या.
उभ्या माणसालाही उपग्रह स्वस्थ उभं राहू देत नाहीत:
मीटरभर इकडे, दीड मीटर तिकडे,
खुंटीला बांधलेल्या शेळीसारखे आकडे घुटमळतात.
मला हे ठाऊक होतं.
ठाऊक होतं म्हणून वाचलं नाही.

बाबा मध्येच ताठ झाले.
बुटांतून काय कळलं कोण जाणे.
गिरमिट तिथेच टाकून गाडीत बसले.
"लीस, चाललंय."
"काय चाललंय?"
"सगळंच."

मग साठने परत. फांद्या मागे मागे.
किनाऱ्यापाशी एक काळी भेग, वीतभर,
सकाळी नव्हती.
ती ओलांडताना त्यांनी डाव्या हाताने स्टिअरिंग
आणि उजव्याने माझ्या स्वेटरची बाही धरली होती.
लॅपटॉप वाटेतच कधीतरी गारठून मेला.

रात्री फाईल उघडेना.
शेवटची नोंद अर्धी: अक्षांश होता,
रेखांश दशांशचिन्हापाशी थांबलेला.
आणि त्याखाली ज्या तीन ओळी लागतात,
तुकडा संपला, माग संपला, फाईल संपली,
त्या नव्हत्याच.
नीट थांबवलं तरच यंत्र त्या लिहितं.
अर्धी नोंद पुसली,
तिन्ही ओळी मी हाताने टाइप केल्या. शेगडीजवळ बसून,
बोटं अजून जड.

नकाशावर सात किलोमीटर सरळ रेघ,
मग तिथे एक गाठ असायला हवी होती.
गाठ नव्हती, शेपूट होतं.
शेळीने खुंटी उपटली होती:
तीन मिनिटं, अकरा मीटर, आग्नेयेला.
एकशे ऐंशी वेळा सांगितलं होतं त्याने,
किराणा बिलाच्याच आवाजात.

बाबांनी चष्मा लावून शेपटावरून बोट फिरवलं.
"इथे मी होतो?"
"हो."
"लबाड आहे. मी हललोच नाही."

पालिकेने शेरा मारला: अपूर्ण.
फांद्या कुठे गेल्या ते कुणी विचारलं नाही,
गिरमिटाचे पैसे मात्र कापले.

जूनमध्ये फेरीबोटीच्या डेकवर
मी पुन्हा तीच ओळ लिहिली, एंटर दाबलं.
ऊन होतं, पडद्यावर काही नीट दिसत नव्हतं.
बाबा कठड्याशी, पाण्याकडे पाठ करून.
"काय म्हणतंय?"
मी हाताचा आडोसा धरला
आणि आकडे वाचायला लागले, मोठ्याने,
एकही न गाळता.