तीन तास पुढे

साल्तोत जानेवारीच्या दुपारी कुणी कुणाचं दार वाजवत नाही.
नेलिदानं मला बोलावलं ते ऊन उतरल्यावर,
कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे पळतं म्हणून.
"वेड लागलंय त्याला. सात वाजलेत, दहा दाखवतंय."

शिवणयंत्राला खेटून ठेवलेला कॉम्प्युटर,
वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर कातरी.
मार्चमध्ये शाळा उघडायच्या आत
बेचाळीस पांढरे झगे, प्रत्येकाला एक निळा बो.
मापं, आगाऊ रकमा, कुणाची बाही लांब,
सगळं विंडोजमध्ये.

चालू केला.
काळा पडदा, त्यावर दोन ओळी,
वरची विल्मारची, खालची तिची,
आणि कोपऱ्यात दहापासून उलटे उतरणारे आकडे.
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात.
इथे राहत होत्या,
फक्त एका वेळी एकच बाहेर.

पोर्तूला जायच्या वर्षभर आधी
पोरानं एकाच डिस्कची वाटणी केली,
त्याच घरात लिनक्सची वेगळी चूल मांडली.
भांडण नाही, पंच नाहीत,
भिंतसुद्धा अशी की हाताला लागू नये.
आईच्या बाजूनं त्याचं काहीच दिसत नाही.
त्याच्या बाजूनं मात्र
तिची प्रत्येक फाइल उघडते, बाहीच्या मापापर्यंत.

हे मी तिला सांगितलं नाही.

घड्याळाचं सांगितलं.
आत घड्याळ एकच असतं,
शर्टाच्या बटणाएवढ्या बॅटरीवर चालतं.
विल्मारची बाजू त्यात जगाची वेळ लिहून ठेवते,
तुमची बाजू तीच वाचते, साल्तोची समजून.
तो होता तेव्हा तुमचे काटे
तोच मागे घेत असणार, तुम्ही उठायच्या आत.

"पण मग आता," मी विचारलं,
"त्याची बाजू उघडतंय कोण?"

मातेची नळी तिनं तोंडातून काढली नाही.
थर्मासमधलं पाणी संपल्याचा तो आवाज
बराच वेळ येत राहिला.

"कधी कधी बटण दाबत नाही मी.
दहा सेकंद जाऊ देते.
त्याचं नाव येतं मधोमध, खाली रिकामी चौकट.
पासवर्ड मला कुठला माहीत असायला.
नाव वाचते.
बंद करते."

मी माझ्या धंद्याचं बोललो.
ती बाजू पुसली तर साठ जीबी मोकळी होईल,
मशीन हलकं चालेल.
"नको."
बरं, मग घड्याळ तरी?
एका ओळीचं काम आहे, पुन्हा चुकणार नाही.

तिनं उत्तर दिलं नाही. विचारलं,
"पोर्तूत आता किती वाजले असतील?"

मी बोटांवर मोजायला लागलो,
सात वीस, आणि तीन,
आणि मोजता मोजता नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली.
तिची तिथंच होती.
दहा वीस.

पेचकस पिशवीत टाकला.
पैसे घेतले नाहीत, कारण काम केलं नव्हतं.
तिनं पीचच्या मुरांब्याची बरणी दिली,
झाकणावर झग्याच्याच कापडाचा तुकडा.

मार्चअखेरीस तिचा फोन आला.
झगे सगळे गेले, म्हणाली,
दोन पोरं तर आत्ताच उसवून घेऊन आलीत.
मग म्हणाली, "तो एक तासानं मागे पडलाय."
कोण, असं मी विचारलं नाही.
रविवारी पोर्तूनं काटे पुढे केले होते,
उन्हाळ्याचे,
आणि तिच्या टेबलावरच्या त्या बॅटरीला हे कुणी कळवलं नव्हतं.

येऊ का, म्हटलं, जुळवून देतो.

पलीकडे शिवणयंत्र चालू झालं, थांबलं.
दातांत टाचणी धरून बोलावं तसं ती बोलली,
"कशाला.
एक हातचा धरते मी."