अडीच मिलिमीटर

दस्तगीर म्हणाला, मॅडम, ही सोयरीक जमायची नाही.
रोडची फ्रेम सडपातळ, कंबर आवळून उभी,
आणि हे क्रँक डोंगरातले,
पंगतीत मांडी घालून बसणाऱ्यासारखे ऐसपैस.

क्रँक मी पिशवीतून नेले होते,
आमच्याच पार्किंगमधल्या एका बेवारस एमटीबीचे.
सी विंगमधला भाडेकरू जर्मनीला गेला
सायकल जिन्याखाली ठेवून,
आणि सेक्रेटरी रानवड्यांनी तीन नोटिसा चिकटवल्या,
तिन्ही सायकललाच उद्देशून.
मी त्याला मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला.
एवढ्यावर झालं हस्तांतर.

माझं वय एकोणसाठ.
उजव्या गुडघ्याचं सत्तर.
बोपदेव घाटात, दुसऱ्या वळणाच्या जरा अलीकडे
मी दर रविवारी उतरते
आणि फोन आल्यासारखं करते.

नाना पेठेतल्या त्या बोळाएवढ्या दुकानात
दस्तगीरने फ्रेम हुकाला टांगली.
डावीकडची वाटी मुकाट सुटली.
उजवीकडचे आटे उलटे,
सोडवायला जावं तर जास्तच आवळतात.
पेठेतला माणूस, तो पुटपुटला,
आणि पाना दुसऱ्या अंगाने फिरवला.

मग एकशे तेराचा ॲक्सल.
क्रँक चढवला, फिरवला,
मधल्या चक्राचे दाते फ्रेमच्या नळीला लागले.
खर्र.
निळ्या रंगाखालून पत्रा चकाकला.
मी डोळे मिटले. त्याने नाही.
फळीवरचे डबे उपसून, एकातली झुरळं झटकून
त्याने एकशे अठराचा काढला.
फटीत एक जुनी लग्नपत्रिका दुमडून सरकवली,
सोडली, ती खाली पडली.
बघा, म्हणाला, पाच वाढले,
म्हणजे या बाजूला अडीच, त्या बाजूला अडीच.

अडीच मिलिमीटर पुष्कळ झाले.
एलआयसीत तेहतीस वर्षं
मी याहून अरुंद फटीत
कशालाही न घासता फिरले.

पण पुढचा डिरेलर त्या छोट्या चक्रापर्यंत पोचेना.
बावीस दाते, भाकरीएवढंही नाही,
आणि त्याचा हात आखूड.
काढून टाकू, दस्तगीर म्हणाला.
मग गिअर?
हाताने. घाट लागला की उतरायचं,
चेन उचलायची, छोट्यावर ठेवायची.
म्हणजे उतरायचंच ना शेवटी, मी म्हटलं.
तो हात पुसत होता, वर न बघता बोलला,
उतरायचं, पण पायथ्याला. मध्ये नाही.

रविवारी येवलेवाडीच्या पुढे
शहाळीवाल्यासमोर, सगळ्यांदेखत उतरले.
चेन उचलली. ठेवली. बोटं काळी.
पाय आता किंचित फाकलेले,
नवी चप्पल घेतल्यावर दोन दिवस वाटतं तसं.
आणि मग गरागरा, गरागरा,
जात्यासारखे पाय, सायकल मात्र मुंगीची.
पळत जाणारा एक मुलगा मला मागे टाकून गेला.
जाऊ दे.
दुसऱ्या वळणाशी फोन वाजला,
खरोखरीचा.
वाजू दिला.

संध्याकाळी लिफ्टमध्ये रानवडे म्हणाले,
त्या एमटीबीचे पायच कुणीतरी तोडून नेलेत हो,
काय दिवस आलेत.
खरंच, मी म्हटलं,
आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.