आज वारा किती

पुन्ता अरेनासमध्ये वारा माजला
की पालिकेची माणसं चौकात दोर बांधतात
खांबापासून खांबापर्यंत,
म्हाताऱ्यांनी, हडकुळ्यांनी, पिशवीवाल्यांनी
धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
वाऱ्याला कुणी गप्प बस म्हणत नाही.
इथे तेवढी अक्कल सगळ्यांना आहे.

बाल्तासार सहा वर्षांचा.
तो दार उघडतो तेव्हा खोलीतल्या वस्तू
अंग चोरून घेतात.
खुर्ची आडवी, चेंडू छताला, एक बूट इथे, एक देव जाणे,
आणि आई उंबऱ्यातच, कोटाची बटणं न काढता
सांगू लागते शाळेनं काय म्हटलं ते.
"शांत बस" हे दोन शब्द
पोराला आजवर इतक्यांदा मिळालेत
की तो त्यांना आपलं आडनाव समजत असावा.

मी सांतियागोला शिकले.
फळ्यावर एक वक्र रेषा होती:
फार खाली झोप, फार पुढे वादळ,
मधे वीतभर जागा,
जिथे माणूस बटण लावू शकतो, ऐकू शकतो, थांबू शकतो.
परीक्षेत ती मी सुरेख काढली.
कळली उशिरा,
वडिलांचे गुडघे आठवल्यावर.

ते मेंढ्या कातरायचे.
बिथरलेलीला ओढत नसत, तिच्यावर ओरडत नसत.
बुडावर बसवायचे, तिची पाठ आपल्या पोटाशी,
गुडघ्यांची सावकाश मिठी,
आणि आधी तिचे कान सैल पडायचे, मग डोळे.
"धरायचं, पकडायचं नाही," एवढं बोलून
कात्री चालू.
हे मी कुठल्याच अहवालात लिहिलेलं नाही.
आईबाप रागावतील. मेंढी आणि मूल!

पण माझ्या खोलीत लोकरीचं पोतं आहे, चौदा किलोचं.
बाल्तासार ते ढकलतो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
बंदरावरच्या हमालासारखा कण्हत.
मग कापडी झोळी, एकाच दिशेनं, एकाच संथपणानं.
मी बोलत नाही.
श्वास तेवढा मोठा करते, त्याला ऐकू जाईल इतका.
कधी तो निवतो.
कधी मला चावतो.

त्याच्यानंतर एलोइसा. बरोबर उलटी,
ओल्या टॉवेलसारखी खुर्चीवर टाकलेली.
तिला लिंबाची फोड, उड्या, डबे बडवणं.
एकीला फुंकर घालायची, एकाची लाकडं मागे ओढायची,
चूल तीच.

रंगांचा तक्ता दाखवला होता त्याला,
हिरवा, पिवळा, लाल.
त्यानं तो खाल्ला. कोपरा तरी.
आणि मग ऑगस्टमधल्या एका मंगळवारी
दारातच म्हणाला, "एकशेदहा."
काय एकशेदहा?
"वारा." हात पोटावर.
रेडिओवर सांगतात तसं, ताशी किलोमीटर.

पोतं ढकललं. "सत्तर."
झोळीतून उतरला. "चाळीस."
चाळीसला तो स्वतः बूट घालतो,
डावा उजव्यात, पण स्वतः.

गेल्या गुरुवारी वडिलांना इस्पितळात ठेवून
मी थेट कामावर आले.
हसले. आवाज नेहमीचा काढला.
त्यानं मान तिरकी केली.
"तुझा किती?"
"तीस," म्हटलं.

मुलं खोटं बोलतात म्हणणाऱ्यांनी
एकदा मुलाशी खोटं बोलून पाहावं.

तो कोपऱ्यात गेला.
चौदा किलो ओढत, कण्हत आला,
माझ्या मांडीवर चढवायला पाहिलं, जमलं नाही,
पावलांवर टाकलं,
आणि वर स्वतः बसला, पाठ माझ्या नडग्यांशी लावून.

बाहेर खांबांवर दोर वाजत होते.
"आता?"
खरं बोलायला मला वेळ लागला.
"नव्वद."
"बरं," म्हणाला,
आणि हलला नाही.