विशेषण लिहू नका

कुंटूरकर मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या,
रडका लिहू नका. हट्टी लिहू नका. गुणी तर अजिबात नको.
लिहा : नऊ वाजून दहा मिनिटांनी रडायला लागला,
नऊ चौदाला थांबला,
थांबताना दाराकडे पाहत होता.

तेव्हापासून परभणीच्या या कॉलेजात
काचेच्या अलीकडे बसते मी, गुडघ्यावर वही.
पलीकडून ही काच म्हणजे आरसा.
बालवाडीतला सुमेध त्यात जीभ काढून बघतो,
माझ्या तोंडासमोर, एका वितीवर,
आणि मी लिहिते : जीभ काढली. तीनदा.
मला हसू आलं, त्याला रकाना नाही.

घरी आबा विचारतात,
लेकरं सांभाळायला बी डिग्री लागती व्हय?
चुलतभाऊ ॲग्रीला आहे. त्याला कुणी विचारत नाही
की ज्वारी उगवायला कॉलेज काहून.

दुसऱ्या सत्रात स्वाध्याय आला :
स्वतःचा विकास-इतिहास, महिन्यांसकट.
मान कधी धरली, कधी बसली, कधी चालली,
पहिला शब्द कोणता.
शनिवारी मानवतच्या गाडीत बसले, पिशवीत फॉर्म.

माय अंगणवाडीत मदतनीस. अठरा वर्षं झाली.
त्या दिवशी वजनं होती.
आढ्याला काटा टांगलेला, त्याला झोळी,
आणि रुणाली झोळीत बसेना. पाय आखडून घेतलेले.
मायनं आधी झोळीत भोपळा बसवला.
त्याला झोका दिला. त्याला विचारलं, भ्या वाटलं का रं?
मग भोपळ्याच्या वतीनं आपणच म्हणाली, न्हाई बा.
रुणालीनं दोन्ही हात वर केले.
नऊ किलो आठशे.

याला आमच्या पुस्तकात नाव आहे,
त्यावर दहा गुणांचा प्रश्न येतो.
मी ते मायला सांगितलं नाही.

पोरं गेल्यावर ती खिचडीचं पातेलं घासायला बसली, राखेनं.
म्हणाली, बसलीस तू पोळ्याच्या करीला.
बैलाचा गोंडा वढायला बघत व्हतीस, म्हणून ध्यानात हाय.
चाललीस तुरी बडवायच्या वक्ताला, खळ्यावरच.
फोलकटात पडलीस, पर रडली न्हाईस.

आन बोललीस...
तिनं पातेलं पालथं घातलं. पुन्हा सुलटं केलं.
बोललीस कव्हा, ते मला ठाऊक न्हाई, बाई.
तव्हा मी दिवसभर दुसऱ्याच्या रानात.
तुझ्या आत्याला माहीत असंल.

आत्या जाऊन सहा वर्षं झाली.

मी बोटांवर मोजलं. माझा जन्म माघातला.
पोळा म्हणजे सातवा महिना. तूर म्हणजे अकरावा, बारावा धरू.
पहिल्या शब्दासमोर रेघ मारली.
(पुढच्या आठवड्यात त्या रेघेशेजारी
लाल शाईनं आलं : माहिती अपूर्ण.)

शिकून पुढं काय व्हणार गं तू, मायनं विचारलं.
पर्यवेक्षिकेची जाहिरात निघाली तर परीक्षा देईन, म्हटलं.
मग महिन्यातून एकदा जीपनं यायचं,
रजिस्टर तपासायचं, खिचडी चाखायची.
मदतनीस वेळेवर येते का, या ओळीपुढं
बरोबर की चूक, तेवढी एक खूण करायची.
हे शेवटचं मी बोलले नाही,
पण तिला ते रजिस्टर माझ्याआधीपासून माहीत आहे.
म्हणाली, मग उठून उभी राहीन की मी.
मॅडम आल्या म्हणून.

निरीक्षण. शनिवार, दुपारचे सव्वा.
वय सत्तेचाळीस.
हसली. डावा हात तोंडावर धरला, तो ओला होता.
पदराला हात पुसले, तरी फॉर्म घेताना
कोपऱ्यावर बोटाचा डाग पडला.
डागाकडे पाहिलं.
विचारलं, चालंल का?

गाडीला वेळ होता.
दुसरं पातेलं मी घासलं.